दाढ ठणकायच्या आधी

गिरगावात ठाकुरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंत किंवा दादरला प्लाझापासून शिवाजी पार्कापर्यंत नुसतं मान वर करून चालत जा. दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजता मोजता थकाल. सोनाराच्या दुकानावर, क्लासच्या शेजारी, जुन्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर, नव्या टॉवरच्या तळाशी. या भागात दातांच्या डॉक्टरांचा तुटवडा नाही. तरी बहुतेक घरांना 'आपला' असा दातांचा डॉक्टर नसतो. तापाचा असतो, डोळ्यांचा नंबर काढणारा ठरलेला असतो. दातांसाठी मात्र रात्री साडेअकराला दाढ ठणकायला लागली की मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि सकाळी जो पहिला उघडा सापडेल त्याच्यापुढे आ वासून बसायचं. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

म्हणून डॉक्टर निवडायचा तो काही दुखत नसताना. दात साफ करून घ्यायचं निमित्त पुरे. ठणक नसली की प्रश्न सुचतात, दर विचारता येतात आणि पटलं नाही तर 'घरी विचारून सांगतो' म्हणून जिना उतरता येतो.

जिना चढण्याआधी पाटी नीट वाचा. बीडीएस ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. एमडीएस म्हणजे त्यावर तीन वर्षं एकाच शाखेचं शिक्षण: कोणी रूट कॅनलमधला, कोणी हिरड्यांमधला, कोणी लहान मुलांच्या दातांमधला, कोणी वेड्यावाकड्या दातांना तारा लावण्यातला. घरच्या रोजच्या कामाला हाताचा चांगला बीडीएस पुरतो, आणि एमडीएस पाहून उगीच दबून जायचं कारण नाही; तारा लावण्यात एमडीएस केलेल्याचा हात रूट कॅनलमध्ये सरस असेलच असं नाही. नावाखाली महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, बहुधा 'ए' अक्षरानं सुरू होणारा. या 'ए'मागे इतिहास आहे. जुन्या मुंबईकरांना चिनी दंतवैद्यांच्या पाट्या आठवत असतील. त्यांच्यातले कित्येक हा व्यवसाय कॉलेजात नव्हे, बापाच्या नाहीतर काकाच्या हाताखाली शिकलेले. १९४८ साली दंतवैद्यक कायदा आला तेव्हा अशा लोकांचं काय करायचं हा प्रश्न होताच, आणि तो फक्त चिन्यांपुरता नव्हता. कायद्यानं नोंदवहीचे दोन भाग केले: एकात, म्हणजे 'ए' भागात, मान्य पदवी असलेले, दुसऱ्यात पदवी नसलेले पण आधीपासून याच कामावर पोट भरणारे. आज नव्यानं दवाखाना थाटणारा पहिल्याच भागात असायला हवा. पाटीवर क्रमांक नसेल तर सरळ विचारा. परिषदेकडे खातरजमा करता येते.

खुर्चीत बसल्यावर डॉक्टर आधी काय करतात ते बघा. तोंड उघडायला सांगण्याच्या आधी विचारपूस झाली पाहिजे: मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कसली अ‍ॅलर्जी, दिवस गेलेत का, हाडं ठिसूळ झाल्याची औषधं. शेवटचा प्रश्न आजीसाठी फार महत्त्वाचा, कारण त्यातली काही औषधं चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून येत नाही, चिघळतं. हे न विचारता जो चिमटा हातात घेतो, त्याचा दवाखाना कितीही चकचकीत असो, आपल्या कामाचा नाही.

मग आरसा आणि टोकदार सळई घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही दात न गाळता तपासणी. चांगल्या दवाखान्यात डॉक्टर आकडे सांगत जातात आणि मदतनीस मुलगी लिहून घेते: 'सोळा ठीक, सव्वीस फिलिंग, छत्तीस कीड, सेहेचाळीस नाही.' ही भाषा अवघड नाही. तोंडाचे चार भाग धरायचे. तुमच्या उजवीकडचा वरचा पहिला, डावीकडचा वरचा दुसरा, डावीकडचा खालचा तिसरा, उजवीकडचा खालचा चौथा. पुढचा आकडा मधल्या पटाशीपासून मोजायचा. म्हणजे छत्तीस ही डावीकडची खालची पहिली मोठी दाढ आणि अठ्ठेचाळीस ही उजवीकडची खालची अक्कलदाढ. एवढं कळलं की आपल्या कागदावर काय लिहिलंय ते आपल्यालाच वाचता येतं, आणि सदतीसची कीड म्हणून छत्तीस कोरायला घेतली तर खुर्चीतून हात वर करता येतो. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईनं हिरड्याही मोजल्या पाहिजेत. दात आणि हिरडी यांमधली फट तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक, त्याहून खोल गेली तर हिरडी सुटू लागलीय. शेवटी जीभ बाहेर काढायला लावून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, गालांची आतली बाजू, टाळू. पहिल्या भेटीत जिभेखाली न बघणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. एवढं ठासून का म्हणतो ते मिशरीपाशी येईल.

तपासणी झाली की यादी हातात येते, आणि डॉक्टरची खरी पारख इथे होते. सरसकट सगळे दात भरायला काढणारा हुशार समजायचा नाही. दाढेच्या खाचेत काळपट रेघ दिसते म्हणजे कीड असेलच असं नसतं. चहाचा डाग असू शकतो, किंवा सुरू होऊन थांबलेली कीड असू शकते. वरच्या कवचापुरती असलेली सुरुवातीची कीड फ्लोराइडनं आणि खाण्यापिण्याच्या शिस्तीनं जागच्या जागी थांबवता येते. उलट एकदा कोरलेला दात पुन्हा पुन्हा कोरावा लागतो. आधी छोटं फिलिंग, काही वर्षांनी ते निघून मोठं, मग रूट कॅनल, मग कॅप, आणि एक दिवस दातच जातो. म्हणून 'हे सहा महिने बघू, आत्ता हात लावत नाही' असं म्हणणारा डॉक्टर भेटला की त्याला सोडू नका. हे 'बघू' तोच म्हणू शकतो ज्याच्याकडे तुमचा मागचा एक्स-रे आहे आणि पुढच्या वेळी तुम्ही त्याच्याकडेच येणार याची ज्याला खात्री आहे. दर वेळी नवा दवाखाना गाठणाऱ्याच्या दाताला कोणी वाट पाहण्याची सवलत देत नाही. डॉक्टरलाही ते परवडत नाही. माझ्या मते घरचा डॉक्टर हवा तो मुख्यतः यासाठी. सणासुदीला सूट मिळते म्हणून नव्हे.

जे करायचं ठरेल ते कागदावर घ्या, दातागणिक. इथे एक जुनी गंमत आहे. रूट कॅनलचा भाव सांगितला आणि कॅपचा सांगितला नाही, तर अर्धाच भाव सांगितला म्हणायचं. रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली नस काढून पोकळी साफ करून भरतात. दात दुखायचा थांबतो, पण आधीच किडीनं पोखरलेला असतो. त्यातून चावण्याचा सगळा भार मागच्या दाढांवर, म्हणून तिथे बहुतेक वेळा कॅप लागतेच. दुखणं थांबलं म्हणून कॅप पुढे ढकलणारे आणि वर्षभरात चण्याच्या दाण्यावर दाढ दुभंगून परत येणारे पेशंट प्रत्येक डॉक्टरनं पाहिलेले असतात. कॅप धातूची, धातूवर चिनी मातीची की झिरकोनियाची, आणि तुमच्या दाताला त्यातली कोणती का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. अपघात सोडला तर दातांचे उपचार त्यात सहसा बसत नाहीत. आणि प्रत्येक एक्स-रेची प्रत मोबाइलवर मागून घ्या.

हत्यारांचं काय? खुर्चीवर बसल्यावर ट्रेकडे बघा. आरसा, सळई, चिमटा एका सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाले पाहिजेत. एक बाजू कागदाची आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकची असलेल्या या पाकिटावर एक छोटी पट्टी असते, वाफेची उष्णता लागली की तिचा रंग बदलतो. ऑटोक्लेव्ह हे मोठ्या प्रेशर कुकरसारखं यंत्र. त्यात दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची वाफ पंधरा-वीस मिनिटं मिळाली की काविळीचे विषाणूही टिकत नाहीत. नुसत्या उकळत्या पाण्यानं किंवा औषधी द्रावात बुडवून तेवढी खात्री मिळत नाही. ड्रिलची मूठसुद्धा ऑटोक्लेव्हमधून निघालेली हवी, नुसती स्पिरिटनं पुसलेली चालत नाही. हातमोजे घालून मोबाइल उचलला आणि तेच हात तोंडात घातले तर सांगा, संकोच करू नका. नीट काम करणारे डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत. उलट आत नेऊन यंत्र दाखवतात.

आता एक अगदी गिरगावी मुद्दा: जिना. इथल्या जुन्या इमारतींचे लाकडी जिने उभे, अंधारे, कठडा हलणारा. डॉक्टर कितीही चांगला असला तरी गुडघे गेलेली आजी तिथे वर्षातून दोनदा चढणार नसेल, तर तो निम्म्याच कुटुंबाचा डॉक्टर झाला. घरात म्हातारं माणूस असेल तर तळमजल्याचा किंवा लिफ्टचा दवाखाना शोधा, थोडा लांब पडला तरी चालेल. पुनर्विकासाचंही तेच. इमारत पाडायला गेली की दवाखाना हलतो, आणि वीस वर्षांच्या नोंदी कुठल्या खोक्यात जातात कोण जाणे. घरात प्रत्येकाची एक फाइल ठेवा, म्हणजे ती चिंता मिटली.

मोठ्या कामाचा अंदाज ऐकून पोटात गोळा आला तर या भागात राहणाऱ्यांच्या हाताशी एक सोय आहे, जी आपण विसरून जातो. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं, महापालिकेचं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे प्रत्येक शाखेचा वेगळा विभाग, खर्च खाजगीच्या मानानं फारच कमी. विद्यार्थी काम करतात हे खरं, पण प्रत्येक पायरीवर शिक्षक येऊन तपासतात, आणि ही तपासणी खाजगी दवाखान्यात कोणी करत नाही. किंमत मोजावी लागते ती वेळेची. सकाळी लवकर जाऊन रांग लावायची, केसपेपर काढायचा, आणि जे काम बाहेर दोन खेपांत होतं त्याला इथे चार-पाच खेपा धरायच्या. नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही, पण निवृत्त माणसाला पूर्ण कवळी करायची असेल, मुलाला तारा लावायच्या असतील किंवा खाजगीत सांगितलेल्या सहा रूट कॅनलवर दुसरं मत घ्यायचं असेल, तर इथे जरूर जा. दुसरं मत घेतलं म्हणून रागावणारा डॉक्टर आपल्याला नकोच आहे. गणेशोत्सवात मंडळं दातांची मोफत शिबिरं भरवतात, त्यांचाही फायदा घ्या. फक्त तिथे निघालेलं काम तिथल्याच पॅकेजमध्ये करायचं बंधन नाही, कागद घेऊन घरी या.

डॉक्टर वर्षातून दोनदा. उरलेले दिवस आपलेच, आणि दात घासणं या भागाला नवं नाही. परळ हे विको वज्रदंतीचं जन्मस्थान. केशव पेंढरकरांनी १९५२ साली इथे दंतमंजनाचा धंदा सुरू केला, आणि त्याआधीपासून या वस्तीत राखुंडी, कोळसा, मीठ, काळी मंजनं सगळं चालत होतं. बोटानं मंजन लावणारी ती पिढी दात स्वच्छ ठेवत नव्हती असं नाही, पण राख आणि कोळसा दाताचं कवच घासून काढतात हे आता स्पष्ट आहे. 'कोळशाची' म्हणून नव्यानं विकायला आलेल्या महागड्या ट्यूबांनाही हेच लागू. मऊ ब्रश घ्या, दोन वेळा दोन-दोन मिनिटं, आणि रात्रीची वेळ चुकवू नका, कारण झोपेत लाळ आटते आणि दाताला राखणदार उरत नाही. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हातानं फिरवायचा. कपडे घासतात तसा जोर लावला की हिरडी मागे सरकते आणि गार पाणी झोंबू लागतं. ब्रश तीन महिन्यांत बदला. दातांच्या फटींसाठी फ्लॉसचा दोरा किंवा फटीतला छोटा ब्रश, दिवसातून एकदा. टूथपिकनं आणि सेफ्टी पिननं हिरड्या टोकरायची सवय सोडा.

पेस्ट कोणतीही चालेल, फक्त ट्यूबवर फ्लोराइड किती ते वाचा. मोठ्यांसाठी १००० ते १४५० पीपीएम हवं. 'फ्लोराइड वाईट असतं' असं चंद्रपूर-यवतमाळकडचे नातेवाईक सांगतील, आणि त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर आहे; तिथल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे, दातांवर तपकिरी पट्टे येतात. मुंबई पिते ते तलावांचं पाणी, आणि अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. आपल्याला ते पेस्टमधूनच मिळवावं लागतं. म्हणून ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, पण पाण्यानं खळखळून चूळ भरू नका. ही सवय मोडायला सगळ्यात अवघड.

गोडाचं गणित थोडं वेगळं आहे. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त कळतं. साखर किंवा पीठ तोंडात गेलं की जंतू आम्ल करतात, आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास तरी लागतो. जेवणाबरोबर तीन मोदक खाल्ले तर दाताला एक हल्ला. ऑफिसात दिवसभरात सहा कटिंग आणि प्रत्येक कटिंगमध्ये बुडवलेलं बिस्किट म्हणजे सहा हल्ले. चहात भिजलेलं बिस्किट दाढेच्या खाचेत लगद्यासारखं बसतं. त्या मानानं लालबागचा चिवडा बिचारा पुष्कळ सोज्वळ. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. बिस्किट सोडा, साखर कमी करा, वर पाणी प्या. कोकम सरबत किंवा लिंबूपाणी प्यायल्यावर मात्र लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या.

लहान मुलाला पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदा दाखवून आणा. तिसऱ्या वर्षापर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईबापानं फिरवायचा. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. एकही दात न पडता ती गुपचूप उगवते, म्हणून पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देतात. ती पडणारी नाही. हीच ती छत्तीस आणि सेहेचाळीस, आणि मोठेपणी रूट कॅनलच्या खुर्चीत सगळ्यात जास्त येतात त्यांतली ही. आल्याबरोबर तिच्या खाचा सीलंटनं बुजवून घेता येतात. कोरावं लागत नाही, दुखत नाही.

आता मिशरी. गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून आलेल्या घरांत ती आली आणि गिरण्या गेल्या तरी काही घरांत राहिली. पहाटे तव्यावर तंबाखू भाजायची, करपट वास जिन्यात पसरायचा, मग डबीतून चिमूटभर घेऊन तर्जनीनं हिरड्यांवर फिरवत बसायचं, पाऊण पाऊण तास. दात घासण्याच्या नावाखाली हे तंबाखूचं व्यसनच आहे, आणि विचारलं तर आजी 'मी तंबाखू खात नाही' असंच सांगते. म्हणून डॉक्टरला वेगळं सांगावं लागतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तो कुठे मिळतो हे मात्र वाचकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. आणि नुसती सुपारी निर्धोक हा गैरसमज. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २००४ साली तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. सुपारीनं गाल आतून ताठ होत जातात, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर डॉक्टरची वेळ घ्या. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जिभेच्या कडेला गाठ लागली, तर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर महिना काढू नका. १९४१ पासून टाटा रुग्णालय परळलाच आहे. देशभरातून लोक तिथे गाठोडी घेऊन येतात, पदपथावर राहतात. आपल्याला मात्र ते बसच्या अंतरावर असून उशीर होतो. हा उशीर बहुतेकदा जिभेखाली कोणी बघितलं नाही म्हणून झालेला असतो.

मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत पू असेल तर साखरही आटोक्यात येत नाही. स्केलिंग केल्यानं दात हलायला लागतात असं म्हणतात ते खोटं. आधीच सुटलेल्या दाताला टार्टरनं धरून ठेवलेलं असतं, ते निघालं की खरी स्थिती कळते एवढंच. रक्त पातळ करण्याची गोळी दाढ काढण्यासाठी आपल्या मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, पेस्टनं न घासता साबणानं धुवावी. आणि दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरू नये, कातडी भाजते.

राहिला अपघात. शिवाजी पार्कावर सीझनचा चेंडू तोंडावर बसून पटाशी मुळासकट निघाल्याच्या गोष्टी जुन्या खेळाडूंकडे भरपूर आहेत. असा कायमचा दात सापडला तर पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा आणि जमलं तर त्याच खड्ड्यात परत बसवून रुमालावर चावायला सांगा. नाही जमलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी घ्या, दात दुधात टाका आणि टॅक्सी पकडा. अर्ध्या तासात खुर्चीत पोचलात तर तो दात पुन्हा रुजण्याची चांगली आशा असते, तासाभरानंतर ती झपाट्यानं कमी होते. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते. त्या अर्ध्या तासात डॉक्टर शोधत बसायला वेळ नसतो. तेव्हा दवाखान्याचा नंबर तुमच्याबरोबर मुलाच्या कोचच्या मोबाइलमध्येही असू द्या.